हातपाय धड असलेला अपंग

२००३ साली अकोल्यातल्या एका फोटो स्टुडिओत मी माझ्या मामूला घेऊन बसलो होतो. अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज भरायचा होता आणि फोटोच्या चौकटीत अट होती : अपंगत्व दिसेल असा फोटो लावावा. फोटोवाला भला माणूस. त्याने मामूंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाला, "भाऊ, याच्यात दाखवू काय? हातपाय त धड हायेत यायचे."

मला उत्तर देता आलं नाही. मामूंना स्किझोफ्रेनिया होऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

१९७९ पर्यंत ते एका जिनिंग फॅक्टरीत रुईच्या गाठींचा हिशेब लिहायचे. अक्षर मोत्यासारखं. एकविसाव्या वर्षी भिंतीपलीकडून आवाज येऊ लागले. कुणीतरी पाळत ठेवतंय म्हणून दोन रात्री ते गच्चीवर बसून राहिले. त्या दोन रात्रींची गोष्ट आमच्या घरात आजही सांगतात. पुढच्या चोवीस वर्षांची कुणी सांगत नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडलंच नाही. औषधांनी आवाज बरेचसे थांबले, पण मामू कामावर परतले नाहीत. आंघोळीला दहा वेळा सांगावं लागे. ताट समोर ठेवलं तरच जेवत. ईदला नवे कपडे घालून दाराआड बसत. नानी म्हणायची, "कामचोर हो गया." मीही म्हणालो आहे.

भास आणि संशय हा या आजाराचा गाजावाजा करणारा भाग. उमेद, बोलणं, माणसांची ओढ आटत जाणं हा दुसरा, मुका भाग. औषधाचा त्याच्यावर तितका जोर चालत नाही, आणि माणसाची रोजीरोटी व नाती बहुतेक वेळा तोच घेऊन जातो.

आपल्याकडे वेडासाठी शब्द कमी नव्हते. जिन्नाची सावली पडली तो मजनून, खुदाच्या ओढीत हरवला तो मजजूब. शेजारच्या हिंदू घरांत झपाटलेला आणि पिसा. एक शब्द भीतीचा, एक आदराचा. ज्याच्याने रोजचं जगणं होत नाही, अशा माणसाला मात्र शब्द नव्हता. फिकहने एक गोष्ट फार पूर्वी ओळखली होती : झोपलेल्या माणसावर आणि लहान मुलावर जसा फर्जांचा हिशेब लागत नाही, तसा बुद्धी हरपलेल्यावरही लागत नाही. पण ही माफी झाली. मदत निराळी.

मदतीचाही इतिहास आहे, आणि तो वऱ्हाडापासून फार लांब नाही. वऱ्हाड बहमनी राज्यात होतं तेव्हा दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाने बिदरला दवाखाना बांधला, खर्चासाठी गावं लावून दिली आणि मुसलमान हकिमांबरोबर हिंदू वैद्यही नेमले. त्याच सुमारास सातपुड्यापलीकडे माळव्यात महमूद खिलजीने मांडूला दवाखाना काढला. तिथे वेड्यांच्या उपचाराची सोय होती आणि त्यासाठी मौलाना फजलुल्लाह हकीम नेमलेले होते. पंधराव्या शतकातली गोष्ट आहे ही. आपल्या मदरशांत किंवा शाळांत ती कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्यानंतर १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला, १८६४ मध्ये नागपूरचं मनोरुग्णालय, मग १९१२ चा कायदा. या कायद्यांना मुख्यतः एकच प्रश्न पडे : याला कोंडायचं की नाही? त्यामुळे आमच्याकडे 'नागपूरला पाठवू' ही उपचाराची वाट न राहता धमकी झाली. नानीने ती ऐकून मामूंना बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेलं. वऱ्हाडातून सगळ्या धर्मांचे लोक आपली अशी माणसं तिथे नेत आलेत. अकरा जुमेरात ती मामूंसोबत राहिली. त्यांच्या पायात साखळी होती. ती साखळी आमच्या घरची होती आणि कुलपाची किल्ली नानीच्या कमरेला. दर्ग्यांना नावं ठेवणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहून ठेवतो.

मग १९८१ मध्ये लग्न. 'जबाबदारी पडली की सुधरेल' हा आमच्याकडचा जुना नुस्खा. मामी अमरावतीची. दोन वर्षांत ती माहेरी गेली आणि अडकली. कारण बुद्धी ठिकाणावर नसलेल्या नवऱ्याने दिलेला तलाक शरियतमध्ये लागू होत नाही. तिला सोडवायला कायदा होता. नवरा दोन वर्षं वेडा असेल तर बायको कोर्टातून निकाह रद्द करून घेऊ शकते, हे १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात स्पष्ट लिहिलंय. हनफी मतात वाट अरुंद होती, म्हणून मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी मताचा आधार घेऊन आधी जमीन तयार केली होती. एवढा खटाटोप उलेमांनी केला, आणि आमच्या दोन्ही घरांत एकालाही ते ठाऊक नव्हतं. मामी नऊ वर्षं लटकून राहिली. मामूंच्या आजाराने एका माणसाला अपंग केलं, आम्ही दुसऱ्याला केलं.

१९९५ च्या अपंग कायद्याने पहिल्यांदा मनोविकार अपंगत्वांच्या यादीत घेतला. नोकरीतल्या तीन टक्क्यांत मात्र त्याला वाटा नव्हता. पुढे ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एर्वाडीला, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्यांना पळता आलं नाही, २८ जण मेले. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने साखळ्यांना बंदी केली. २००२ मध्ये सरकारने मनोविकाराचं अपंगत्व मोजण्याची पट्टी जाहीर केली. ही पट्टी आवाज किती येतात ते मोजत नाही. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींना प्रत्येकी चारपैकी गुण, शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे चार. वीसपैकी सात झाले की चाळीस टक्के, म्हणजे दाखला.

पट्टी निघून वर्ष झालं होतं, तरी २००३ मध्ये आम्हाला एका सरकारी दवाखान्यातून परत पाठवलं. फोटोवाला जे बोलला तेच तिथेही बोलले. दाखला २०१० मध्ये मिळाला. निगा दोन, नाती तीन, बोलणं दोन, काम चार, वर्षांचे चार. पंधरा. घरात ज्याला कामचोरी म्हणत होते, त्याचे एवढे गुण झाले. त्या दाखल्यावर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे सुरू झाले. ही योजना १९८० मध्ये अंतुलेसाहेबांनी मुख्यमंत्री असताना काढली होती.

२०११ च्या जनगणनेत मानसिक आजार पहिल्यांदा वेगळा मोजला. देशभरात ७ लाख २२ हजार. पुढे २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जातीचे आजार हजार प्रौढांत चार जणांना आढळले. त्या हिशेबाने अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतच तेरा हजारांच्या आसपास माणसं निघतील. जनगणनेत ती का दिसली नाहीत, याचा एक पुरावा माझ्याकडे आहे. गणना करणाऱ्या मास्तरांनी आमच्या दारात विचारलं, घरात कुणी अपंग? दाखला कपाटात होता. अम्मी म्हणाली, "नाही."

२०१६ च्या कायद्याने आरक्षण चार टक्के केलं आणि त्यातल्या एका टक्क्यात मनोविकारही आला. मामूंना आता त्याचा उपयोग नाही, ते साठी ओलांडून गेलेत. नानी गेली. अम्मी त्यांची मोठी बहीण, तिचेही गुडघे गेलेत. परवा म्हणाली, "मेरे बाद इसको नहाने को कौन बोलेगा?"

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसांसाठी आधाराच्या निवासाची तरतूद आहे. घरही नाही आणि इस्पितळही नाही, अशी मधली जागा. मी सध्या अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तशा जागेची चौकशी करतो आहे. वाचकांपैकी कुणाला माहिती असेल तर जरूर कळवा.