बोटाची किंमत

श्रोतेहो, बोटाची किंमत किती, असे कुणी विचारले तर तुम्ही हसाल. पण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ती कोष्टकातच मांडली होती. अंगठा गेला तर कमाईची ताकद शेकडा ३० ने घटली, सबंध तर्जनी गेली तर १४, करंगळी ७.

१९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे कारखाने भोसरी, चाकणपर्यंत पसरले, आणि प्रेसखाली बोटे गमावणाऱ्यांना हे आकडे कळू लागले.

१९९५ च्या कायद्याने निराळीच रेघ ओढली: डॉक्टरी दाखल्यावर अपंगत्व निदान शेकडा ४० हवे. २०१६ च्या कायद्याने प्रकार ७ चे २१ केले, बस व रेल्वे स्थानकांवर सोयीचा वाहनतळही सांगितला. रेघ मात्र तीच राहिली.

आता गंमत पाहा. कोष्टक कमाई मोजी, दाखला शरीर मोजतो. गाडीपासून दारापर्यंत माणसाला चालवते का, हे दोन्ही आकडे सांगत नाहीत! आणि गुरुजी, गावचा पोरगा चाकणहून हात बांधून परतला, तर भरपाईच्या कागदावर सवलत मिळेल असे त्याला समजू देऊ नका. दाखल्यासाठी तपासणी वेगळी करावी लागते.