मोटारीवरचे थर

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले की मुले ताम्रपट, नाणी, शिलालेख अशी यादी घडाघडा म्हणतात. भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या गावातील मुलांना आणखी एक उदाहरण जवळचे आहे. त्यांच्या तालुक्याच्या गावी, पवनीला, १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. उत्खननात मातीचा एकेक थर आधी नोंदवतात आणि मगच काढतात, हे आपण वर्गात सांगतो. झाडाखाली गंजत पडलेली एखादी जुनी जीपही अशीच थराथरांची बनलेली असते, हे मात्र सहसा सांगत नाही. या लेखात आम्ही त्या थरांकडे पाहणार आहोत.

सुरुवात अमेरिकेपासून करू. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी बनवल्या. नव्या गाडीची किंमत सुरुवातीला ८५० डॉलर होती, ती १९२५ पर्यंत २६० डॉलरवर आली. साहजिकच १९३०च्या दशकात जुन्या फोर्ड गाड्या तेथे मातीमोलाने मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्या घेतल्या, घरामागच्या छपरात उभ्या केल्या आणि वेगासाठी त्यांचे रूप पालटले. अशा गाडीला पुढे ‘हॉट रॉड’ म्हणू लागले.

या हौशी मंडळींपैकी फारच थोडे इंजिनिअर होते, पण त्यांच्या कामामागे शाळेतलेच विज्ञान होते. त्यांनी मडगार्ड, बॉनेट, टप काढून टाकले. का बरे? बल तेवढेच ठेवून वस्तुमान कमी केले तर त्वरण वाढते. ७५० किलोग्रॅमची गाडी ५०० किलोग्रॅमवर आणली, तर त्याच इंजिनावर त्वरण दीडपट होईल. न्यूटनचा दुसरा नियम तो हाच! इंजिनाचे डोके घासून त्यांनी दहनकक्षातील जागा कमी केली. त्यामुळे हवा आणि पेट्रोलचे मिश्रण अधिक दाबले जाऊन त्याच इंधनातून जास्त काम मिळू लागले. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचे ६५ अश्वशक्तीचे इंजिन स्वस्त गाडीत आणले. मॉडेल टीचे इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे होते. त्यामुळे हे नवे इंजिन जुन्या सांगाड्यात बसवण्याचा सपाटाच सुरू झाला.

मात्र गाडीचा वेग दुप्पट झाला की तिची गतिज ऊर्जा चौपट होते. ब्रेक तेच राहिले, तर गाडी थांबायलाही साधारण चौपट अंतर लागते. मॉडेल टीच्या तर पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. इंजिन बदलणारे हात ब्रेकपर्यंत पोचले नाहीत, तर अपघात ठरलेला. कॅलिफोर्नियातील क्लबांनी १९३७ मध्ये एकत्र येऊन संघटना उभारली आणि कोरड्या तळ्यांवरच्या शर्यतींना नियम घातले. याच छंदाला वाहिलेले ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघाले.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पुढे दुसरे महायुद्ध झाले. त्या युद्धासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या बनवल्या. त्यांपैकी भारतात आलेल्या अनेक गाड्या युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकल्या. १९४७ पासून महिंद्र कंपनी मुंबईत जीप जोडू लागली. दुसरीकडे, परदेशी मोटारींच्या आयातीवर बंधने आली आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने येथील काम थांबवले. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे.

यामुळे आपला इतिहास वेगळ्या वाटेने गेला. अमेरिकेत जुन्या गाड्या मुबलक होत्या, म्हणून तेथल्या हौशी माणसाने गाडी बदलली ती वेगासाठी. आपल्याकडे गाड्यांची टंचाई होती, म्हणून आपल्या मिस्त्रीने ती बदलली ती चालू राहावी यासाठी. सुटा भाग मिळेना, तर लेथवर कातून घेतला किंवा दुसऱ्याच गाडीचा बसवला. पेट्रोल परवडेना, तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले. डिझेल इंजिन जड असते, त्यामुळे पुढच्या कमानींना जादा पाटे घालावे लागले. ते सावकाश फिरते, म्हणून गिअरचे गणितही पुन्हा मांडावे लागले. ही सारी कामे कागदावर न उतरता हातांतून हातांत गेली.

आज जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करणाऱ्यांसमोर एक कोडे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनाजोगा मूलभूत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. चौपट ऊर्जेचे गणित आपण पाहिलेच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या मोटारी आणि दुचाकींसाठी ‘विंटेज’ नोंदणीचे नियम काढले. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. अट अशी, की सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन मुळातले हवे, त्यांत मोठा फेरफार झालेला नको.

मग १९४४ची जीप आणि तिच्यात पुढे कधीतरी कोणा मिस्त्रीने बसवलेले डिझेल इंजिन यांचे काय करायचे? मूळ इंजिन शोधून बसवले, तर १९४४ साल परत येते, पण त्या मिस्त्रीचे कसब भंगारात जाते. तसेच ठेवले, तर गाडी ‘विंटेज’ ठरत नाही. दोन्ही थर खरेच आहेत. आम्हांला वाटते, येथे उत्खनन करणाऱ्यांची शिस्त उपयोगी पडेल. आधी नोंद, मग हात. खोलण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा. डॅशबोर्डवरची धातूची पट्टी म्हणजे या गाडीचा शिलालेख. त्यावर क्रमांक असतो आणि युद्धकालीन जीपवर लष्कराकडे सोपवल्याची तारीखही. वरच्या रंगाच्या कडेने जपून पाहिले, तर खाली लष्करी हिरवा रंग सापडू शकतो. एक काळजी मात्र हवी. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून कोरडे घासू नये, ब्रेकमधली धूळ फुंकून उडवू नये आणि हे काम मुलांना देऊ नये.

मुलांनी करण्याजोगे काम निराळे आहे. प्रत्येक गावात विंटेज मोटार असेलच असे नाही. पण जुनी सायकल, ऑइल इंजिन किंवा ट्रॅक्टर असतोच. भंडारा जिल्ह्याला तर यंत्रे नवखी नाहीत. येथे गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, आणि पोलादात लागणारे मँगनीज चिखला व डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते. मुलांनी असे एखादे यंत्र निवडावे आणि वहीत पाच रकाने आखावेत : भाग कोणता, मुळातला की बदललेला, केव्हा बदलला, का बदलला, कोणी बदलला. पहिले दोन रकाने यंत्राकडे पाहून भरता येतील. उरलेल्या तिन्हींसाठी गावातल्या वयस्क मिस्त्रीकाकांकडे जाऊन बसावे लागेल. हे काम लवकर करायला हवे, कारण त्या तीन रकान्यांची उत्तरे लिहिलेली कोठेही सापडणार नाहीत.