कर्णा : दिवाणखान्यातला आणि मैदानातला

मराठीत ‘कर्णा’ हा शब्द लाउडस्पीकरच्या कितीतरी आधीपासून नांदत आहे. देवळातील नौबतीत आणि लष्करी वाद्यमेळात शिंग व तुतारी यांच्या जोडीने वाजणारे, पुढे फाकत गेलेले लांब पितळी वाद्य म्हणजे कर्णा. विसाव्या शतकाच्या आरंभी सधन घरांच्या दिवाणखान्यात ग्रामोफोन येऊन बसला, तेव्हा त्याच्या फुलासारख्या उमललेल्या नळीस लोकांनी तेच नाव दिले. पुढे सभेच्या मंडपावर धातूचे भोंगे चढले, तेव्हाही हे नाव टिकून राहिले. नावाची ही परंपरा केवळ आकारसाम्यावर उभी नाही. तिन्ही वस्तूंचे कार्य तत्त्वतः एकच आहे, आणि ते नीट ध्यानी घेतल्यावाचून या यंत्राचा इतिहास उलगडत नाही.

कर्णा आवाज निर्माण करीत नाही. काटेकोर बोलायचे तर तो वाढवीतही नाही. वाया जाणारी शक्ती वाचविणे हे त्याचे काम. लहानसा पडदा मोकळ्या हवेत थरथरला, तर हलकी हवा त्याच्या कडेने निसटते आणि पडद्याचे बहुतेक श्रम व्यर्थ जातात. तोच पडदा अरुंद गळ्याच्या नळीत बसविला, की हवेला निसटण्यास वाट उरत नाही. गळ्याशी असलेला मोठा दाब नळी रुंदावत जाईल तसतसा हवेच्या विस्तृत स्तंभाच्या हालचालीत रूपांतरित होतो. जड धोंडा हलविताना तरफ जे करते, तेच कर्णा ध्वनीच्या बाबतीत करतो. म्हणून त्याचा इतिहास हा मुख्यतः काटकसरीचा इतिहास आहे. शक्ती तुटपुंजी होती त्या काळात माणसाने कर्णा घडविला. शक्ती स्वस्त झाल्यावर त्याचे काय झाले, हा या कथेचा उत्तरार्ध.

चावीच्या यंत्राचा काळ

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला आणि बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. या दोन्ही यंत्रांत विजेचा संबंध नव्हता. तबकडीच्या खाचेतून सुई फिरे, तिची थरथर अभ्रकाच्या पडद्याला मिळे आणि कर्णा ती श्रोत्यांपर्यंत नेई. मुद्रणही कर्ण्यातूनच होई. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा त्यांना कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहूनच गावे लागले. सुमारे तीन मिनिटांत राग मांडायचा, तोही धातूच्या मुखाकडे तोंड करून आणि मोठ्या आवाजात, ही शिस्त त्या पिढीच्या गायकांना कर्ण्याने लावली.

आरंभीचे कर्णे कारागिराच्या नजरेच्या अंदाजाने घडविले जात. त्यांचे गणित पुढे आले ते १९१९ मध्ये, आर्थर गॉर्डन वेबस्टर यांच्या निबंधातून. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन यांनी ठराविक अंतरागणिक क्षेत्रफळ ठराविक पटीने वाढत जाणाऱ्या कर्ण्याची मीमांसा केली. कर्णा किती खालचे स्वर देईल हे त्याच्या रुंदावण्याच्या गतीवर आणि मुखाच्या आकारावर ठरते, हे यातून स्पष्ट झाले. लगेच १९२५ मध्ये व्हिक्टर कंपनीने ‘ऑर्थोफोनिक’ यंत्र बाजारात आणले. त्यातील लांब कर्णा घडी घालून लाकडी कपाटात बसविलेला होता. त्याच वर्षी विजेच्या साहाय्याने होणाऱ्या मुद्रणाचीही सुरुवात झाली.

अशी चावीची यंत्रे आजही काही घरांत आणि संस्थांत जतन केलेली आढळतात. त्यांचा आवाज किरटा वाटला, तर दोष बहुधा कर्ण्याचा नसतो. ध्वनिपेटीतील रबराच्या कड्या वयोमानाने कडक होतात, नळीच्या सांध्यांतून हवा गळू लागते, आणि प्रथम खालचे स्वर नाहीसे होतात. सांधे हवाबंद करावेत, कड्या बदलाव्यात आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी घ्यावी. एवढ्यानेच यंत्राचा कंठ पुष्कळसा मोकळा होतो.

मानवी आवाजाची मर्यादा

दरम्यान सार्वजनिक जीवनाचा विस्तार होत होता. वक्त्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहिला होता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांची सभांमधील कारकीर्द केवळ कंठबळावर झाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ रंगले. त्या रात्री बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे सूर शेवटच्या रांगेपर्यंत गेले, तेही कोणत्याही यंत्राविना. ज्याचा आवाज पोहोचत नाही त्याने व्यासपीठावर किंवा रंगभूमीवर येऊच नये, असा तो काळ होता. आवाजाची फेक हा गुण नव्हता. ती पात्रतेची पहिली अट होती.

अमेरिकेत ही अट तोवर सैल होऊ लागली होती. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला कर्णा जोडून ‘मॅग्नाव्हॉक्स’ तयार केला आणि १९१५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे जनसमुदायासमोर तो वाजवून दाखविला. १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन डिएगोच्या क्रीडांगणात अध्यक्ष विल्सन सुमारे ५० हजार लोकांपुढे याच यंत्राद्वारे बोलले. ११ नोव्हेंबर १९२१ रोजी आर्लिंग्टन येथे अज्ञात सैनिकाच्या दफनप्रसंगी अध्यक्ष हार्डिंग यांनी केलेले भाषण टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को येथील जमावांनी कर्ण्यांतून ऐकले.

त्या वेळचे अ‍ॅम्प्लिफायर मोजकेच वॅट देत. एवढ्या अल्प शक्तीत मैदान भरणे कर्ण्याखेरीज अशक्य होते. बेल प्रयोगशाळेतील वेंट आणि थुरास यांनी १९२६ च्या सुमारास बोलपटांसाठी घडविलेल्या युनिटात पडद्यापुढची हवा अरुंद खाचांतून दाबून कर्ण्याच्या गळ्यात सोडली जाई. अशा युनिटातून विद्युत्शक्तीचा पाव ते निम्मा भाग ध्वनीत उतरू शकतो. साध्या कागदी शंकूच्या स्पीकरात हे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आला. बोलपटांच्या त्या युगात चित्रगृहांचे आवाजी अंग म्हणजे पडद्यामागचे कर्णेच होते.

मंडपावरचे भोंगे

हिंदुस्थानातील राजकीय सभांना कर्ण्यांची जोड मिळाली ती मुख्यतः १९३० च्या दशकात. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या व्यवसायाचे नाव या कामी अग्रगण्य ठरले. गांधीजी आणि नेहरू यांच्या असंख्य छायाचित्रांत मायक्रोफोनवर झळकणारी ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे त्याची साक्ष देतात. यंत्र पुरविणारा माणूस त्या काळी केवळ व्यापारी राहू शकत नसे. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. त्या खटल्यात नानिक मोटवाने यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. पुढे त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

गोमंतकाच्या मुक्तिसंग्रामातही या यंत्राने आपली हजेरी लावली आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून सीमेवरच्या रानात राहून गुप्त नभोवाणी चालविली. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्तेचा शेवट झाला, तेव्हा भारतीय हवाई दलाच्या विमानास लाउडस्पीकर बसवून या दोघांनी गोव्याच्या आकाशातून मुक्तीची वार्ता खाली ऐकविली. वर्षानुवर्षे दडून बोललेला आवाज त्या दिवशी उघड्या आभाळातून उमटला.

मैदानातला भोंगा हा घडीचा कर्णा असतो. नळी आत दोनदा वळवून लांबी वाचविलेली असते, त्यामुळे तो खांबावर चढविता येतो आणि पावसाचे पाणी सहसा युनिटापर्यंत पोहोचत नाही. हे भोंगे बांधणाऱ्या जुन्या जाणत्या माणसांची काही पथ्ये होती, आणि ती सारी ध्वनिशास्त्राला धरून होती. भोंगा डोक्यांच्या वर बांधून त्याचे तोंड शेवटच्या रांगेकडे किंचित झुकवावे, म्हणजे पुढच्यांचे कान किटत नाहीत आणि मागचे वंचित राहत नाहीत. मायक्रोफोन भोंग्यांच्या मागे ठेवावा, नाहीतर शिट्टी सुरू होते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची तीव्रता सहा डेसिबलने घटते. त्यामुळे मोठ्या मैदानात दूरवर आणखी भोंगे लावण्याचा मोह होतो. परंतु ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटर पुढे-मागे असलेल्या दोन भोंग्यांचे शब्द श्रोत्याच्या कानी एक दशांश सेकंदाच्या फरकाने पडतात, आणि वाक्याचा चोथा होतो. म्हणून शक्यतो सर्व भोंगे व्यासपीठाजवळ एकत्र बांधून बाहेरच्या दिशेने पसरावेत. लांब तारांवर शक्ती वाया जाऊ नये यासाठी १०० व्होल्टची लाइन आणि प्रत्येक युनिटास ट्रान्सफॉर्मर, ही व्यवस्थाही त्याच काटकसरीच्या विचारातून आलेली आहे.

भोंग्याला मर्यादाही आहेत. सोळा इंची मुखाचा कर्णा सेकंदास सुमारे २७० आवर्तनांच्या खालचे स्वर नीट देऊ शकत नाही. व्यंजने मात्र तो लखलखीत ऐकवितो. म्हणूनच इंदूर-ग्वाल्हेरपासून हैदराबादपर्यंतच्या गणेशोत्सवांत व्याख्यानाला साजून दिसणारा भोंगा गाण्याच्या बैठकीत उणा पडे. तबल्याची चाट ऐकू येई आणि डग्ग्याचा घुमारा हरवे. ते खालचे स्वर देण्याच्या हट्टाने ध्वनी चढविला, की पडदा भलताच हलतो आणि युनिट जळते. जुने युनिट वापरताना खालचे स्वर आधीच अडवून धरणे, हा त्यावरचा खरा उपाय.

पुन्हा घराच्या कोपऱ्यात

राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केल्यावर घरातून कर्णा हळूहळू हद्दपार झाला. शंकू कार्यक्षमतेत उणा असला, तरी आटोपशीर होता. तथापि काही अभ्यासकांनी कर्ण्याची साथ सोडली नाही. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी आणि अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी घराच्या कोपऱ्याचाच उपयोग करून घेतला. ५० आवर्तनांचा स्वर देण्यासाठी मोकळ्या जागेत सव्वादोन मीटरच्या आसपास व्यासाचे मुख लागते. तोच कर्णा दोन भिंती आणि जमीन यांच्या संगमावर ठेवला, तर अष्टमांश क्षेत्रफळ पुरते, म्हणजे व्यास पाऊण मीटरवर येतो. भिंतीच कर्ण्याचा पुढचा भाग होतात. १९४६ मध्ये क्लिप्श यांच्या नावाचा जो कर्णा विक्रीस आला, त्याचे मर्म हेच.

जुना कर्णा घरी मांडू इच्छिणाऱ्यास यातून बोध घेता येईल. कोपरा भक्कम व मोकळा असावा. चित्रगृहातील मोठा संच असेल, तर खालच्या व वरच्या स्वरांचे कर्णे कानाशी एकजीव होण्यासाठी पुरेसे अंतर सोडून बसावे. दोन-चार वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. पण कर्ण्याच्या अंगी असलेली कार्यक्षमता गाण्याबरोबर यंत्राची गुणगुणही तितक्याच इमानाने ऐकविते, म्हणून तो अ‍ॅम्प्लिफायर निर्मळ असावा लागतो. जुन्या व्हॉल्व्हच्या संचांत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि त्यांतील कंडेन्सर वयाने निकामी झालेले असतात. जाणकाराच्या तपासणीवाचून त्यांना वीज जोडणे जिवावर बेतू शकते.

काटकसरीचा विसर

ट्रान्झिस्टर आले आणि शक्ती स्वस्त झाली. जे यंत्र चार वॅटमध्ये सभा ऐकविण्यासाठी जन्मले होते, त्याच्या पाठीशी शेकडो वॅट उभे राहिले. पोहोचविण्याचे साधन लादण्याचे साधन झाले. अखेर कायद्याला मध्ये पडावे लागले. केंद्र शासनाच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील लाउडस्पीकरला बंदी घातली; निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरविली; रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवती किमान १०० मीटरचा शांतता-टापू मानला. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेस अधिक बळकटी दिली. ऐकण्याची इच्छा नसणाऱ्यावर आवाज लादण्याचा हक्क कोणालाही नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. वस्तुतः भोंग्याचे तोंड नेमके शेवटच्या रांगेकडे वळविणारा जुना माणूस तेच तत्त्व पाळीत होता. श्रोते जिथे संपतात तिथे आवाजानेही संपावे, हा त्याच्या कौशल्याचा निकष होता.

व्याख्यानमालांची परंपरा असलेल्या जुन्या संस्थांच्या माळ्यावर एखादा पोचे पडलेला भोंगा, चावीचे यंत्र किंवा गंजलेले युनिट पडून असणे संभवते. भंगाराच्या भावाने त्याला काहीच किंमत येत नाही. पण ते कोणत्या वर्षी आले, कोणी दिले, कोणत्या व्याख्यानांना वापरले गेले, एवढी नोंद त्याला बांधून ठेवली, तर तेही ग्रंथाइतकेच बोलके साधन ठरते. संस्थेच्या कार्यवृत्तात व्याख्यानाचा विषय सापडतो, वक्त्याचे नाव सापडते. तो शब्द मागच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत कसा पोहोचला, याचा पुरावा मात्र या कर्ण्याखेरीज दुसरा नसतो.