जेसन अंतराळात का गेला?

हॉररवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे: कल्पना संपल्या की खुन्याला अंतराळात पाठवा. 'हेलरेझर'चा चौथा भाग १९९६ मध्ये तिकडे पोचला, पाठोपाठ 'लेप्रेकॉन'चाही चौथा. पण 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा दहावा भाग, म्हणजे 'जेसन एक्स', तिकडे गेला त्यामागे वेगळीच अडचण होती.

१९९३ च्या नवव्या भागाच्या शेवटी जमिनीतून फ्रेडी क्रूगरचा हात येतो आणि जेसनचा मुखवटा खाली ओढून नेतो. म्हणजे दोघांची टक्कर ठरलेलीच! पण पटकथा काही जमेना. वर्षं चालली, लोक जेसनला विसरले तर? मधे एखादा भाग काढावा, तर त्यात जे घडेल ते टकरीच्या कथेच्या आड येणार. यावर लेखक टॉड फार्मर यांनी तोडगा काढला: गोठवलेला जेसन थेट २४५५ सालात, अंतराळयानात जागा होतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ब्रँच काढणं म्हणू. मूळ कोडला धक्काच नाही.

आता प्रश्न भीतीचा. १९८० च्या पहिल्या भागात तळ्याकाठचा कॅम्प आहे, रात्र आहे आणि मदत लांब आहे. हा एकटेपणा यानातही मिळतो; 'एलियन'ने १९७९ मध्येच ते दाखवलं होतं. पण जेसनचा राग त्या तळ्याशी बांधलेला. मुलांवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे तो तिथे बुडाला, म्हणून पहिल्या भागात त्याची आई खून करते. यानातल्या लोकांनी त्याचं काय बिघडवलंय? तिथे तो नुसतं मारणारं यंत्र होतो. पुढे तर नॅनो तंत्रज्ञान त्याला खरोखरच अर्धा धातूचा करून टाकतं.

गंमत म्हणजे सिनेमालाही हे कळलेलं दिसतं. शेवटाकडे त्याला अडकवायला यानातले लोक काय करतात? खोटं क्रिस्टल लेक उभं करतात, कॅम्पमधल्या दोन मुलींसकट. आणि जेसन फसतो! माझ्या मते सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग हाच.

२००२ मध्ये 'जेसन एक्स'ने अमेरिकेत साधारण १.३ कोटी डॉलर कमावले. पुढच्याच वर्षी 'फ्रेडी व्हर्सेस जेसन'ने ८ कोटींचा आकडा ओलांडला. आणि २००९ मध्ये मालिका नव्याने सुरू केली तेव्हा? यान वगैरे काही नाही. जेसन परत तळ्याकाठी.