निर्जल अमोनिया
निर्जल अमोनिया म्हणजे पाण्याचा अंश जवळजवळ नसलेला अमोनिया होय. हा रंगहीन व उग्र दर्पाचा वायू असून त्याचा उत्कलनबिंदू −३३.३ °से. व द्रवणबिंदू −७७.७ °से. आहे. दाबाखाली तो सहज द्रवरूप होतो. द्रवाचे बाष्पीभवन होताना तो पुष्कळ उष्णता शोषून घेतो. त्यामुळे शीतगृहांत व बर्फाच्या कारखान्यांत त्याचा वापर होतो. महाराष्ट्रात खतनिर्मितीसाठी ट्रॉम्बे व थळ येथे त्याचे उत्पादन केले जाते.

अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास तो वर निघून जाईल, ही समजूत धोक्याची आहे. बाहेर पडणारा थंड वायू व द्रवाचे तुषार हवेतील बाष्पासह दाट धुके बनवतात आणि ते जमिनीलगत पसरते. अशा वेळी वाऱ्याच्या दिशेला आडवे जाऊन ढगाबाहेर पडावे. साचलेल्या द्रवावर पाणी ओतू नये, कारण त्याने बाष्पीभवन वाढते. वायूच्या ढगावर मात्र पाण्याचे फवारे उपयोगी पडतात. डोळ्यांना वा त्वचेला स्पर्श झाल्यास तो भाग किमान १५ मिनिटे भरपूर पाण्याने धुवावा.

तांबे, पितळ व जस्त यांचे अमोनियामुळे क्षरण होते, म्हणून टाक्या पोलादाच्या असतात. ताणाखालील पोलादाला तडे जाऊ नयेत यासाठी त्यात सुमारे ०.२ टक्के पाणी मुद्दाम मिसळतात. नाव मात्र ‘निर्जल’च राहते.