मीटर खोटं बोलतं, गाडी बोलत नाही

आज थोडं मोठं लिहितोय. सेकंड-हँड गाडी घ्यायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत वाचा, पैसे वाचतील. विचारात नसाल तरी वाचा, कारण विषय नुसता गाडीचा नाही.

आमच्याकडे जुनी गाडी विकायला आली की पहिला प्रश्न ठरलेला: "रनिंग किती झालंय?" उत्तरही ठरलेलंच: "साठ-पासष्ट हजार. डॉक्टरची गाडी आहे, घर ते दवाखाना." तालुक्यात डॉक्टर किती आणि त्यांच्या नावावर विकल्या गेलेल्या गाड्या किती, याचा हिशोब एकदा कोणीतरी मांडायला हवा.

हा रनिंगचा प्रश्न आपल्या डोक्यात कधी बसला? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

सोलापूरच्या मातीतले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या जात, मग पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. 1964 च्या सुमारास आली 1100 डिलाइट. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.

तो परवान्यांचा काळ. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवणार. नवी गाडी बुक करायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे हातात असलेली जुनी गाडी लगेच मिळते म्हणूनच मौल्यवान. त्या वेळी रनिंग विचारून उपयोगही नव्हता. पुष्कळ गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे. 99,999 झाले की मीटर पुन्हा शून्यावर. मीटरवर चाळीस हजार दिसले तर ते चाळीस, एक लाख चाळीस की दोन लाख चाळीस, हे फक्त मालकाला आणि देवाला माहीत.

मग लोक गाडी घ्यायचे कशी? मिस्त्रीला सोबत घेऊन. मिस्त्री मीटरकडे बघायचाही नाही. बॉनेट उघडून ऑइल टाकायच्या तोंडाचं झाकण काढायचा, इंजिन चालू ठेवून तिथून धूर किती फेकतंय ते बघायचा. "बॅक कॉम्प्रेशन मारतीय, रिंगा गेल्यात," एवढं बोलला की व्यवहार मोडला. परीक्षा गाडीची व्हायची, आकड्याची नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. साधा हिशोब करा. टॅक्सी दिवसाला शंभर किलोमीटर धरली आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला तीस हजार, वीस वर्षांत सहा लाख. म्हणजे पाच आकड्यांचं मीटर सहा वेळा शून्यावर. इंजिनचं काम होत राहिलं, क्लच प्लेटा बदलल्या, पत्रा ठोकला गेला, पण गाडी पोट भरत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर, 2023 च्या ऑक्टोबरअखेर, पद्मिनी रस्त्यावरून गेली. तिला रनिंगने संपवलं नाही, वयाच्या नियमाने संपवलं. आपल्याकडचं वडाप आठवा. दाटीवाटीने माणसं भरून घाट चढणाऱ्या त्या जीपचं रनिंग कोणी कधी विचारलं का?

बदल झाला तो मारुतीपासून. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, 1991 नंतर उदारीकरण आलं, 1993 मध्ये मोटारींवरचा परवाना उठला. नवी गाडी वाट न बघता मिळू लागली, कर्जावर मिळू लागली. पाच-सात वर्षांत गाडी बदलायची सवय लागली आणि जुन्या गाड्यांचा खरा बाजार उभा राहिला. या बाजारात घेणाऱ्याकडे ओळखीचा मिस्त्री नव्हता. त्याला एक सोपा आकडा हवा होता. तो मीटरवर मिळाला.

आणि ज्या आकड्यावर किंमत ठरते, तो आकडा बदलायचा धंदा सुरू होणारच. पूर्वी मीटर खोलून चाकं मागे फिरवावी लागायची. आकडे वाकडे बसायचे, जाणत्याला कळायचं. डिजिटल मीटर आल्यावर ते कामही सोपं झालं. वायर जोडली, आकडा टाकला, झालं. ओरखडासुद्धा नाही.

मी स्वतः फसलोय, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय. काही वर्षांपूर्वी एक डिझेल गाडी घेतली. मीटरवर 58 हजार. पत्रकार माणूस, दहा जणांना प्रश्न विचारणारा, पण आकडा बघून खूश झालो. चार महिन्यांनी आमच्या मिस्त्रीने एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत जुन्या सर्व्हिसिंगचं स्टिकर: पुढचं ऑइल 1,32,000 ला. मिस्त्री हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "साहेब, पायाखालचं रबर बघितलं असतं तरी कळलं असतं." खरंच, ब्रेकच्या पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालं होतं. माझा पाय रोज त्यावर होता, लक्ष मात्र मीटरवर.

गंमत म्हणजे गाडी वाईट निघाली नाही. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं होतं, बहुतेक हायवेलाच चालली होती. एक लाख तीस हजार खरे सांगितले असते तरी मी घेतली असती, फक्त कमी पैशात. फसवणूक झाली ती फरकाच्या रकमेची आणि विश्वासाची.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. त्याचं सांगणं साधं आहे. विकणाऱ्याला गाडीचं खरं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाने कमी भाव देतो. मग चांगली गाडी सांभाळणारा माणूस बाजारात येतच नाही आणि उरतो तो खराब माल. 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमच्या मिस्त्रीने निबंध वाचलेला नाही, पण तो हेच सांगतो: "चांगली गाडी बाजारात येत नाही, पाहुण्यातच जाते."

यावर उपाय नाही असं नाही. बेल्जियमने 2006 पासून कार-पास सुरू केला. गाडी गॅरेजमध्ये किंवा तपासणीला गेली की मीटरचा आकडा एका ठिकाणी नोंदायचा, आणि विकताना तो इतिहास घेणाऱ्याला द्यायचा. आकडा मागे गेला की लगेच उघडं पडतं. आपल्याकडे फसवणुकीचं कलम आहे, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी नियमही आलेत. पण प्रत्येक गाडीच्या किलोमीटरची अशी सलग नोंद नाही. पीयूसी काढायला गाडी जातेच ना? त्या वेळी मीटरचा आकडाही नोंदवून ऑनलाइन टाकला, तर वेगळा खर्च तो किती? लोकप्रतिनिधींना विचारण्यासारखा प्रश्न आहे, मी विचारणार आहे.

तोपर्यंत आपण काय करायचं? मिस्त्रीचा जुना रस्ता.

गाडी थंड असतानाच चालू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर विचारा का. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर थांबेना तर पाणी इंजिनात जात असण्याची शक्यता. पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कव्हर, ड्रायव्हरची सीट आणि मीटरचा आकडा यांचा मेळ बसतो का बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीस हजार चाललेल्या गाडीचे चारही टायर नवे कशाला? गालिचा उचलून पत्रा गंजलाय का बघा. सर्व्हिसिंगची बिलं मागा, विम्याचे जुने क्लेम विचारा. आणि नावावर करून घ्या. विकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा: सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलंय, अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, भरपाईला तोच जबाबदार. गाडी विकली म्हणून सुटका नाही.

शेवटचं एक. सरकार गाडी वयावरून जोखतं, बाजार किलोमीटरवरून. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीला पुन्हा पासिंग, वाढीव फी, पर्यावरण कर. प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गावाकडच्या कितीतरी घरांत दुसऱ्या-तिसऱ्या हाताची गाडी हीच रात्री दवाखान्यात नेणारी गाडी असते. त्या घराला नवी परवडत नाही. त्याला निदान खरी जुनी मिळावी, एवढंच मागणं आहे.

माझी ती डिझेल गाडी अजून दारात आहे. दोन लाख दहा हजार झाले. विकायची वेळ येईल तेव्हा एवढेच सांगणार.