फिल्म एसएलआर कॅमेरा : मुंबई उपनगरांतील वापर व निगा

ज्या लेन्समधून फोटो निघतो त्याच लेन्समधून दृश्य पाहता येणारा, रोल घालून चालवायचा कॅमेरा. एसएलआर ही ‘सिंगल लेन्स रिफ्लेक्स’ या नावाची आद्याक्षरे. या नोंदीत ३५ मिमी रोलवर २४ × ३६ मिमी मापाची चौकट टिपणाऱ्या, साधारण १९५० ते १९९० या दशकांत बनलेल्या कॅमेऱ्यांचा विचार केला आहे, आणि तोही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांपुरता. इथल्या अनेक घरांत असा एखादा कॅमेरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चामडी केसमध्ये, वर्षानुवर्षे पडून असतो. कधी तो वडिलांनी हौसेने घेतलेला असतो, कधी मामाने मस्कतहून आणलेला, तर कधी एखाद्या स्टुडिओवाल्याने डिजिटल घेतल्यावर विकून टाकलेला. हे कॅमेरे दणकट आहेत, वापराने सहसा मोडत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत ते पडून राहिले की बिघडतात. त्यामुळे त्यांची निगा राखायची म्हणजे मुख्यतः ओल आवरायची आणि कॅमेरा चालता ठेवायचा.

रचना : लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडून वर वळतो. वरच्या दुधी काचेवर प्रतिमा उमटते आणि त्यावरचे पंचकोनी प्रिझम ती सुलट करून डोळ्यापर्यंत पोचवते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचे शटर ठरलेला काळ उघडते, मिटते आणि आरसा जागेवर येतो. फोटो निघतो त्या क्षणी व्ह्यूफाइंडर काळा होतो तो यामुळेच. ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचा किने एक्झाक्टा (१९३६) हा ३५ मिमी एसएलआरमधील आरंभीचा कॅमेरा. पुढे असाही कंपनीचा पेंटॅक्स (१९५७) आणि निकॉन एफ (१९५९) या जपानी कॅमेऱ्यांनी आज ओळखीचा असलेला घाट पक्का केला.

निगेच्या दृष्टीने दोन भेद ध्यानात ठेवावे लागतात. पहिला शटरचा. पेंटॅक्स के-१००० आणि ऑलिंपस ओएम-१ यांत रबर चढवलेल्या कापडाचे पडदे आडवे धावतात, तर निकॉन एफएम-२ आणि याशिका एफएक्स-३ यांत धातूची पाती वरून खाली जातात. दुसरा भेद विजेचा. के-१००० किंवा एफएम-२ मध्ये सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी लागतो, सेल संपला तरी फोटो निघतो. कॅनन एई-१ (१९७६) किंवा मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) मात्र सेलशिवाय हलत नाहीत. आज हा दुसरा भेद अधिक महत्त्वाचा ठरला आहे. यांत्रिक भाग कुशल हात पुन्हा बसवू शकतो, पण जळलेले इलेक्ट्रॉनिक सर्किट बहुधा दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढूनच आणावे लागते.

उपनगरांत प्रसार : १९९१ पूर्वी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. पूर्व युरोपशी रुपयांत चालणाऱ्या व्यापारामुळे सोव्हिएत झेनिट आणि पूर्व जर्मनीचा प्राक्टिका हे एसएलआर सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आले. जपानी कॅमेऱ्यासाठी आखातातला नातेवाईक हवा, घरातले कुणी बोटीवर हवे, नाहीतर मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट हे चोरट्या परदेशी मालाचे बाजार गाठायचे. झेनिट-ई जड आणि खडबडीत असला तरी त्याच्यावर फोटोग्राफी शिकलेली माणसे अजून त्याचे नाव मायेने घेतात, आणि ते योग्यच आहे. त्याच्या सेलेनियम मीटरला सेल लागत नाही, आणि त्याच्यासोबत येणारी ५८ मिमी हेलिओस लेन्स तर आज तिच्या भोवऱ्यासारख्या फिरत्या पार्श्वभूमीमुळे नव्याने मागितली जाते. पेंटॅक्स के-१००० हा १९७६ ते १९९७ असा दीर्घकाळ बनत राहिला आणि जगभर त्याचे तीस लाखांहून अधिक नग निघाले. शिकाऊ फोटोग्राफरला घ्यायला सांगावा असा कॅमेरा म्हणून त्याचेच नाव अजून आधी येते.

रोलही सहज मिळत नसत. कृष्णधवलसाठी पूर्व जर्मनीचा ओर्वो मिळे, तसाच उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा ‘इंदू’ही मिळे. छत्तीस फोटोंचा एक रोल गणपतीत घालायचा आणि दिवाळी, एखादी मुंज, माथेरानची सहल असे सगळे उरकून मग धुवायला टाकायचा, ही मध्यमवर्गीय घरांतली रीत होती. जुन्या आल्बममध्ये गौरींच्या आराशीनंतर लगेच डोंगर येतात ते या काटकसरीमुळे. संग्रहाच्या बाबतीतही मुंबईचे नाव आहे. मुंबईकर दिलीश पारेख यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची २००३ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली.

ओल आणि फंगस : पावसाळ्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. साधारण ६५–७० टक्क्यांपलीकडे बुरशीचे बीज रुजते, आणि लेन्सच्या आतली काळोखी, स्थिर हवा तिला मानवते. मेकॅनिक तिला फंगसच म्हणतात. आरंभी काचेच्या कडेला एखादा करडा ठिपका दिसतो. त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे फुटून मध्याकडे सरकतात. या टप्प्यावर लेन्स उघडून पुसली तर काच स्वच्छ निघते. धागे वर्षभर तसेच राहिले तर बुरशीतून स्रवणारे आम्ल काचेवरचा लेप खाते, मग बुरशी गेली तरी तिचा आकार काचेवर कोरलेला राहतो. अशा लेन्सने उन्हाच्या दिशेने काढलेले फोटो पांढुरके, धुरकट येतात.

सगळ्या उपनगरांत धोका सारखा नाही. वर्सोवा, मढ, गोराईच्या बाजूला ओलीच्या जोडीला खारा वारा असतो. त्याने स्क्रू गंजतात आणि फोकसची रिंग जड होते. मुलुंडला आणि बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला लागून असलेल्या इमारतींत भिंतींना ओल धरते, आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट ही कॅमेऱ्यासाठी सर्वांत वाईट जागा असते. अलीकडे त्यात एसीची भर पडली. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावू लागली. पावसाळ्यात तिच्यातून अंधेरीच्या फलाटावर उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की गार काचेवर बाहेरच्या हवेतला दमटपणा जमतो आणि लेन्स क्षणात धुक्याने भरते. हे धुके पुसत बसू नये. कॅमेरा बॅगेतच वीस-पंचवीस मिनिटे ठेवला की तो हवेइतका उबदार होतो. एसी बेडरूममधून गॅलरीत येतानाही हेच पाळावे.

साठवण : कॅमेरा सर्वप्रथम चामडी केसमधून बाहेर काढावा. ती केस ओल धरते आणि चामडे हे बुरशीचे खाद्यच असते. आठवण म्हणून ती जपायची असल्यास वेगळी ठेवावी. उत्तम सोय म्हणजे विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट, त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखता येते. त्याहून कोरडे करण्याची गरज नाही, फार कोरड्या हवेत वंगण आणि रबर सुकतात. कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, एवढ्यावर भागते. निळे जेल ओल शोषून गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये १००–१२० अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असते, म्हणून स्वयंपाकाची भांडी त्यासाठी घेऊ नयेत. पूर्वी लाकडी कपाटात झिरोचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवत. उबेने आतली हवा कोरडी राही आणि ही युक्ती आजही चालते. तांदळाच्या पुरचुंडीने मात्र पिठूळ धूळ होते, आणि डांबराच्या गोळ्या झुरळे पळवतात, ओल शोषत नाहीत.

डब्यात ठेवणे हा निम्माच उपाय. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सर्व शटर वेगांवर काही वेळा मोकळाच चालवावा, फोकस व अ‍ॅपर्चरच्या रिंगा टोकापासून टोकापर्यंत फिरवाव्यात, लेन्सला तासभर उजेड दाखवावा. त्यामुळे वंगण एका जागी थिजत नाही, पडदे मोकळे राहतात. परत ठेवताना शटर चढवलेले ठेवू नये, स्प्रिंगवर ताण राहतो.

फोम व सेल : मागचे झाकण जिथे मिटते त्या खाचांत आणि आरसा वर आदळतो त्या जागी काळा फोम असतो. वीसेक वर्षांत तो काकवीसारखा चिकट होतो, मग भुगा होऊन शटरवर पडतो. रोलवर कडेने केशरी पट्टे आले की प्रकाश इथूनच शिरला असे समजावे. बदलण्याचे काम घरी जमण्यासारखे आहे. टूथपिकने जुना थर खरवडावा, उरलेला डिंक लायटरच्या पेट्रोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावा, आणि दीड-दोन मिमी जाडीच्या फोमची किंवा काळ्या लोकरीच्या धाग्याची पट्टी खाचेत बसवावी. भुगा आत पडू नये म्हणून हे काम कॅमेरा उलटा धरून करावे. शटरच्या पडद्याला बोट लागता कामा नये. आरशालाही नाही, कारण त्याचा चंदेरी लेप काचेच्या वरच्या अंगाला असतो आणि रुमालाच्या एका फटकाऱ्याने ओरखडतो. त्यावर फक्त रबरी फुंकणीने हवा मारावी.

के-१००० च्या मीटरला चालू-बंद करायचे बटण नाही. लेन्सवर टोपी घातली की मीटर थंडावतो, टोपी काढून ठेवला की सेल उतरत राहतो. जुन्या ओएम-१ आणि पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचे मीटर पाऱ्याच्या सेलवर चालत. ते सेल प्रदूषणामुळे बंद झाले. ओएम-१ मधल्या १.३५ व्होल्टच्या सेलच्या जागी आजचा १.५ व्होल्टचा सेल घातला तर त्याचा मीटर चुकीचे माप देतो. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा अ‍ॅडॅप्टर मिळतो, अन्यथा मीटर नव्याने लावून घ्यावा लागतो. कॅमेरा महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा.

खरेदीतील पारख : चोर बाजारात किंवा ओळखीतून कॅमेरा घेताना दिवसाउजेडी घ्यावा. लेन्स काढून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरावा आणि पुढून पाहावे; समोरून पाहिल्यावर लख्ख वाटणारी काचही या उजेडात धागे दाखवते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी नसावी. मागचे झाकण उघडून एक सेकंदाला शटर सोडावे आणि ऐकावे: आतल्या चक्रांचा आवाज एकसारखा चालून संपला पाहिजे, अडखळू नये. मग १/१००० वर पांढऱ्या भिंतीकडे धरून पाहावे. चौकटीची एक कड काळी राहिली तर पडदे मंदावले आहेत. कॅनन एई-१ चे शटर सोडताना खोकल्यासारखा किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर आरशाच्या यंत्रणेतले वंगण सुकले आहे, हे दुरुस्त होते. सेल्फ टायमरला हात लावू नये. जुन्या कॅमेऱ्यात तो अर्ध्यावर अडकण्याचा संभव फार असतो आणि त्याबरोबर शटरही अडकू शकते. सेलच्या खणात हिरवी पूड असली तर भाव कमी करून मागावा. याशिका एफएक्स-३ चे वरचे काळे आवरण सोलवटलेले असले तरी मन खट्टू करू नये, तो त्या मॉडेलचा स्वभाव आहे, यंत्राशी त्याचा संबंध नाही.

दुरुस्ती : कॅमेऱ्याच्या कामासाठी उपनगरवासीयांना अजूनही फोर्टलाच जावे लागते. सीएसएमटीसमोरच्या बोराबाजार भागात कॅमेऱ्यांची दुकाने आणि माळ्यांवर बसणारे मेकॅनिक एकवटले आहेत. उघडून, पुसून, वंगण घालून वेग पुन्हा जुळवण्याच्या कामाला सर्व्हिसिंग म्हणतात. नियमित वापरातल्या यांत्रिक कॅमेऱ्याला ते काही वर्षांतून एकदा पुरते. सुटे भाग कंपन्यांकडून येणे केव्हाच थांबले असल्याने मेकॅनिक बंद पडलेल्या बॉडी साठवून ठेवतात आणि एकाचा दात दुसऱ्याला बसवतात. ही हातोटी पुस्तकातून येत नाही, आणि तिच्यामागे नवी माणसे फारशी उभी राहिलेली नाहीत, ही काळजीची गोष्ट आहे. घरी स्क्रू उघडू पाहणाऱ्याने एवढे जाणावे की जपानी कॅमेऱ्यांचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. नेहमीचा पेचकस त्यांत घसरतो आणि डोके झिजवतो.

रोल धुणे : कृष्णधवल रोल घरी धुणे अवघड नाही, पण डेव्हलपरचे कोष्टक २० अंश सेल्सिअस गृहीत धरते आणि मे महिन्यात इथल्या नळाचे पाणी तिशीला टेकलेले असते. म्हणून बादलीत बर्फ घालून बाटल्या त्यात उभ्या करतात, किंवा तापमान जुळवून वेळ कमी करतात. डेव्हलपर थंड आणि शेवटचे धुणे गरम असे मात्र करू नये. अचानक बदलाने फिल्मवरचा थर सुरकुततो. मुंबईचे तलावाचे पाणी मृदू असल्याने फिल्म सुकल्यावर क्षारांचे डाग कमी पडतात, हा इथला फायदा आहे. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल तर शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याने करावे. पावसाळ्यात फिल्म सुकायला रात्र लागते. ती पंख्याखाली न टांगता, आधी शॉवर सोडून धूळ बसवलेल्या बंद बाथरूममध्ये टांगतात.

निगेटिव्ह : निगेटिव्हही त्याच कोरड्या डब्यात, आम्लरहित कागदी किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवावीत. पीव्हीसीची पाकिटे काळाने चिकटतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्या दिवशी मिठी नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले आणि पलंगाखालच्या पेट्यांतले आल्बम, निगेटिव्ह पाण्याखाली गेले. तळमजल्यावर राहणाऱ्याने हा डबा माळ्यावर ठेवावा. तरीही निगेटिव्ह भिजलीच तर ती तशीच सुकू देऊ नयेत. सुकताना ती एकमेकांना आणि पाकिटाला कायमची चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवावीत, एक-दोन दिवसांच्या आत एकेक पट्टी पाण्यातच हलक्या हाताने सोडवावी, धुवावी आणि सुटी टांगावी.